चाळीस फायली आणि चार चौकोन

हे लिहायला बसलो आहे त्याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात आजवर लिहिण्याचा प्रसंग आला तो फॉर्मवर, आणि तोही बहुतेक वेळा दुसऱ्याकडून भरून घेतलेला. वडील ठाण्याच्या खाडीत मासेमारी करतात, आई वर्तकनगरच्या वसाहतींत मासळी विकते, आणि त्यांच्या आधीच्या पिढ्यांचा कागदाशी संबंध अंगठ्यापुरता होता. कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे आपण काहीही लिहिलं की ते महत्त्वाचंच असणार, असा एक गैरसमज माझ्यात पहिल्या वर्षापासून मुरला आहे.

खरं तर हा एका ऑफिसच्या अहवालाचा उरलेला भाग आहे. माझ्या हातून झालेल्या चुकीचा अहवाल मॅडमनी, म्हणजे माझ्या वरिष्ठांनी, मला लिहायला सांगितला होता. मी अकरा पानं लिहून नेली. त्यांनी ती चाळली, अर्धं पान ठेवून घेतलं आणि बाकीची परत देत म्हणाल्या, "अरे, रिपोर्ट मागितलेला मी. तू तर जन्मापासून सुरुवात केलीस." ती साडेदहा पानं मला टाकवली नाहीत. जन्माचा भाग मात्र काढला आहे, आणि नंतर घडलेलं शेवटी जोडलं आहे.

तेव्हा मी तिसऱ्या वर्षाला होतो. सकाळी कॉलेज, दुपारी एकपासून घोडबंदर रोडवरच्या एका ऑफिसात उमेदवारी. सुट्टीच्या दिवशी पूर्ण दिवस. सहा महिने नीट काम केलं तर दिवाळीला कायम करू, असं ठरलेलं. आमचं ऑफिस दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरवर लांबून लक्ष ठेवतं. त्यातलं माझं काम सांगायला सोपं होतं. गिऱ्हाइकाच्या सर्व्हरमधल्या महत्त्वाच्या फायलींचा, एकेकीचा, एक ठसा घेऊन ठेवलेला असतो. फाइलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ठसा बदलतो, आणि माझ्या पडद्यावर लाल ओळ उमटते. मग ठरवायचं, की हा बदल घरच्या माणसाने केला की चोराने.

कामाला लागण्याआधी मला वाटायचं, चोर पकडायचेत. लागल्यावर कळलं की चोर येतच नाहीत. येतात ते सगळे घरचे. कोणी पासवर्डची मुदत बदलतो, कोणी प्रिंटर बदलतो, कंपन्यांची अपडेट्स येतात, आणि प्रत्येक वेळी लाल ओळ उमटते. ज्याने बदल केला त्याने आधी तिकीट टाकायचं, म्हणजे कोणती फाइल, कधी, कशासाठी, हे एका फॉर्मात लिहून ठेवायचं. मी लाल ओळ तिकिटाशी जुळवायची. जुळली तर मंजूर करायची, म्हणजे नवा ठसा जुन्याच्या जागी जातो. त्या मूळ धरलेल्या ठशाला आम्ही बेसलाइन म्हणतो. नाही जुळली तर फोन करून विचारायचं.

हे मी आईला समजावून सांगितलं होतं. ती सगळं ऐकून म्हणाली, "म्हन्जे वॉचमन."

"वॉचमन नाय गं, विश्लेषक."

"तेच. पट्टा हाय ना गल्यात?"

पट्टा होता, ओळखपत्राचा, निळा. आईच्या हिशेबी ज्याच्या गळ्यात पट्टा तो कायम. त्यामुळे मी लागल्यापासून तिसऱ्या महिन्यात तिने वर्तकनगरच्या सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून टाकलं की पोरगा मोठ्या ऑफिसात कायम झाला. चौथ्या मजल्यावरच्या एका बाईंनी तर पेढेही मागितले. आईने पापलेटावर एक बांगडा वर घातला आणि तो पेढा समजा म्हणाली. म्हणजे मी प्रत्यक्षात कायम होण्याआधी माझा बांगडा वाटून झाला होता. आता काही बिघडलं असतं तर मी नुसता नोकरीतून गेलो नसतो, आई वर्तकनगरात खोटी पडली असती.

दसऱ्याच्या दिवशी ऑफिसात कोण बसणार असा प्रश्न आला तेव्हा मीच हात वर केला. कायम व्हायला तीन आठवडे उरले होते, आणि हात वर केलेला दिसला पाहिजे असं मला वाटत होतं.

त्या दिवशी पहाटे घरी पूजा झाली. वडिलांनी होडीला हार घातला. आईने तिचा कोयता, तागडी आणि मासे धुवायची घमेली ओळीने मांडली आणि त्या ओळीत माझा ऑफिसचा लॅपटॉप ठेवला. मी म्हटलं, "आई, त्याला नको, ऑफिसचा आहे." ती म्हणाली, "मंग कोयता काय माझ्या बापाचा हाय? पोटाला घालतो त्याला हात जोरायचा." लॅपटॉपवर हळदकुंकू, दोन अक्षता, झेंडूचं फूल. उचलताना मी फूल काढलं तर ती ओरडली, "कारू नको! सांजपर्यंत त्या हत्याराला काय विचारू नये." हत्याराला त्या दिवशी कामाला लावू नये, असा तिचा अर्थ. मी लॅपटॉप फुलासकट बॅगेत घातला आणि ऑफिस गाठलं.

एवढं सगळं मी मुद्दाम सांगतो आहे. कारण पुढे जे झालं, त्याचं उत्तर माझ्या बॅगेतच होतं.

साडेदहाच्या सुमाराला पडद्यावर लाल ओळ आली. मी खुर्ची पुढे ओढेपर्यंत ओळी चाळीस झाल्या होत्या. सगळ्या एकाच गिऱ्हाइकाच्या, डोंबिवलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या. सगळ्या एकाच सेकंदातल्या. माणसाचा हात एका सेकंदात चाळीस फायलींना लागत नाही, एवढं गणित मला येत होतं. तिकिटांमध्ये पाहिलं, एकही तिकीट नाही. सुट्टीचा दिवस. एक सेकंद. चाळीस फायली. कॉलेजात आम्हाला जो धडा होता त्यात चोर अगदी असाच येतो.

काय बदललंय ते पाहायला मी एक फाइल उघडली. सगळ्यात वर एक नवी ओळ होती. हॅशचं चिन्ह आणि पुढे चार रिकामे चौकोन. दुसरी उघडली. हॅश, चार चौकोन. तिसरी. तेच. चौकोन म्हणजे काहीतरी लपवलेलं, असं मी ठरवून टाकलं. हॅशच्या मागे लिहिलेलं मशीन वाचतच नाही, ती जागा माणसांनी आपसात टिपा लिहिण्यासाठी असते, हे मला दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत आलं होतं आणि मी ते बरोबर लिहिलं होतं. त्या दिवशी आठवलं नाही.

आमचा नियम असा होता: लॅबच्या माणसाला पाच-पाच मिनिटांनी तीन फोन. नाही उचलला तर मॅडमना फोन. आणि मॅडमही नाही मिळाल्या, आणि बदल वाढतच चाललेले दिसले, तरच सर्व्हरचं नेटवर्क तोडायचं.

लॅबच्या सर्व्हरचं काम एक काका पाहायचे. निवृत्तीनंतर कंत्राटावर ठेवलेले, फोनवर नेहमी शुद्ध आणि सावकाश बोलणारे. त्यांना फोन केला. वाजत राहिला. पाच मिनिटांनी पुन्हा, पुन्हा वाजत राहिला. तिसऱ्यांदाही. मॅडमना लावला, त्यांनीही उचलला नाही. चाळीस ओळी चाळीसच होत्या. वाढत नव्हत्या. नियमात "वाढतच" हा शब्द होता, आणि तो मी स्वतः वहीत अधोरेखित केलेला होता.

मी नेटवर्क तोडलं.

खरं सांगतो, तोडल्यावर मला फार बरं वाटलं. मी उभा राहिलो. आजूबाजूला कोणी नव्हतं, फक्त दाराला लावलेलं तोरण होतं, तरी उभा राहिलो. आता उद्या मला कायम करावंच लागेल, असा विचार मनात आला, आणि कंपनीच्या कुठल्यातरी सभेत आपण दोन शब्द बोलतो आहोत असं चित्रही. दोन शब्द कोणते तेही ठरत आले होते.

चार मिनिटांनी मॅडमचा फोन आला. मागे आरतीची झांज वाजत होती.

"काय रे? पूजेला बसलेले मी."

मी एका दमात सगळं सांगितलं.

"तोडलंस?"

"हो मॅडम."

"वाढत होते?"

"नव्हते मॅडम."

झांज थांबली. त्या बाजूला गेल्या असाव्यात. "काय बदललंय ते बघितलंस?"

"बघितलं. चार चौकोन आहेत."

"चौकोन? कसले चौकोन?"

"हॅशच्या मागे. रिकामे."

"अरे, आपल्या त्या जुन्या स्क्रीनला फॉन्ट नाहीये. ते कॉपी कर आणि स्वतःला मेल कर. फोनवर उघड. मी होल्डवर आहे."

मी लॅपटॉप उघडला. कळांवर झेंडूच्या पाकळ्या पडलेल्या होत्या, त्या फुंकरीने उडवल्या. ते चार चौकोन मेलमध्ये टाकले आणि फोनवर उघडले.

श्री.

चाळीस फायलींच्या माथ्यावर, चाळीस वेळा, श्री.

"काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"श्री आहे मॅडम."

"कोण श्री?"

"कोणी नाही. नुसतं श्री. दसरा आहे ना."

मी लॅपटॉपवरच्या कुंकवाकडे पाहत उभा होतो. मग त्या म्हणाल्या, "जोड ते आधी." पण सुरक्षेसाठी तोडलेलं नेटवर्क जोडायला दोघांच्या सह्या लागतात, आणि दुसरी सही ज्यांची, ते साहेब टेंभी नाक्याला देवीच्या रांगेत उभे होते. सर्व्हर जोडला जाईपर्यंत तासाच्या वर गेला.

तिकडे काय झालं ते मला नंतर कळलं. दसरा असला तरी लॅब चालू होती, तापाचे दिवस होते, आणि दोन इस्पितळं प्लेटलेटच्या आकड्यांची वाट पाहत होती. मशीनं रक्त तपासत होती, पण आकडे पुढे जात नव्हते. तंत्रज्ञ मुलींनी तासभर सगळे आकडे कागदावर लिहिले आणि फोन करून एकेक वाचून दाखवले. कोणाचं काही बिघडलं नाही. पण हे मला कळेपर्यंत संध्याकाळ झाली होती, आणि तोवर मी सोनं द्यायला आलेल्या कोणाच्याही डोळ्यांकडे पाहू शकलो नाही.

फोन का उचलला नाही, तेही कळलं. काकांनी पूजेत सर्व्हर, कीबोर्ड, सूक्ष्मदर्शक आणि सोबत स्वतःचा मोबाइल मांडला होता. तो माझ्यामुळे फुलांखाली तीन वेळा थरथरला. आरती संपेपर्यंत पूजेतल्या वस्तूला हात लावायचा कोणी?

दिवाळीला मी कायम झालो नाही. मुदत मार्चअखेरपर्यंत वाढवली. पत्रात कारण लिहिलं होतं, "पुरेशा पडताळणीविना कारवाई." पुन्हा एकदा असं झालं तर पुढे कळवण्याची गरज राहणार नाही, असंही शेवटी होतं. मी घरी सांगितलं. आई म्हणाली, "मी कोनाला नाय सांगनार. मार्चपर्यंत तू कायमच हाईस. फक्त मार्चनंतर खोटी पारू नको मना."

त्याआधीच, दसऱ्यानंतरच्या आठवड्यात, मॅडमनी मला डोंबिवलीला पाठवलं होतं. काकांची माफी मागायची आणि पुढे तिकीट टाकण्याचं त्यांच्याकडून कबूल करून घ्यायचं. फोनवर नको, समोर जा, म्हणाल्या. निघताना आईने हातात कापडी पिशवी दिली. "रिकाम्या हातान कोन माफी मागाला जातं?" पिशवीत आठ चिंबोऱ्या होत्या. जिवंत. नांग्या बांधलेल्या, पण पाय मोकळे.

लोकलच्या गर्दीत ती पिशवी नको म्हणून खोपटहून कल्याणच्या एसटीत बसलो. शेजारच्या गृहस्थांनी भिवंडीच्या अलीकडे विचारलं, "पिशवीत काय हाय?" मी म्हणालो, "ऑफिसचं सामान." पिशवी हलली. ते उठून मागच्या बाकावर गेले.

कल्याणहून रिक्षाने डोंबिवली. लॅबच्या मागच्या खोलीत काका बसले होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, टेबलावर एक कागदही वाकडा नाही. मी दारात उभा राहून तयार केलेलं वाक्य म्हणालो, "मी क्षमा मागायला आलो आहे."

"तुम्हीच का ते?" त्यांनी चष्मा वर केला. "या. बसा. मला वाटलं, कोणीतरी दांडगा मनुष्य असेल. एका बोटाने आमचा दसरा बंद केलात."

"चुकलो."

"चुकलात ना. पण मला एक सांगा, माझ्या चाळीस फायली तुम्हाला एका क्षणात दिसल्या?"

"हो. एका सेकंदात आल्या."

"छोटा प्रोग्राम लिहिला होता मी त्यासाठी." हे ते काहीशा अभिमानाने म्हणाले. "जुन्या सर्व्हरवर एकेक फाइल उघडून लिहायचो. हा सर्व्हर नवा, याचा पहिलाच दसरा. म्हटलं, यंदा जरा आधुनिक पद्धतीने करू. एकेक करत बसलो असतो तर आपली ओळख झाली नसती."

"पण काका, फायलींमध्ये श्री कशाला?"

"वहीच्या पहिल्या पानावर लिहीत नाही का आपण? आता वह्या राहिल्या नाहीत. हॅशच्या मागे लिहितो, मशीनला त्रास नाही." एवढ्यात पिशवी टेबलाच्या पायाशी खडखडली. "काय आहे ते?"

मी लाजत सांगितलं. पिशवीचं तोंड सुटलेलं होतं आणि एक चिंबोरी जमिनीवरून रक्ताचे नमुने ठेवायच्या फ्रिजकडे निघाली होती. मी गुडघ्यावर बसून तिला पकडली. क्षमा मागायला आलेला माणूस टेबलाखालून बोलत असला की त्याचं म्हणणं ठसत नाही, हे मला तेव्हा कळलं.

"आईंना सांगा, आवडतात मला," काका वरून म्हणाले. "पण आज संकष्टी. पोरी नेतील." तंत्रज्ञ मुलींनी त्या आनंदाने नेल्या. त्यांतली एक जाता जाता म्हणाली, "सर, परत तोडा कधीतरी."

मग मी तिकिटाचा विषय काढला. काका ताठ झाले. "म्हणजे देवाचं नाव लिहायला मी तुमची परवानगी मागायची?"

"परवानगी नाही काका. नुसतं आधी सांगायचं."

"तेच ते."

"तसं नाही," मी म्हणालो, आणि दुसरं काही सुचेना म्हणून घरचं सांगितलं. "आमच्याकडे रात्री कोणी होडी नेणार असेल तर किनाऱ्यावर एकाला सांगून जातो. परवानगी नसते ती. सकाळी होडी दिसली नाही तर शोधायला जायचं की नाही, ते कळावं म्हणून."

काकांनी खिशातलं एक पेन काढलं. मग "तू" वर आले. "हे तू फोनवर सांगितलं असतंस तर चिंबोऱ्या वाचल्या असत्या रे," म्हणाले आणि फॉर्म कसा भरायचा ते दाखव म्हणाले.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी त्यांचं पहिलं तिकीट आलं. मॅडमनी ते माझ्याकडे पाठवलं, वर काही न लिहिता. त्यात होतं:

काय बदलणार: चाळीस फायलींत श्रीच्या खाली नव्या शकाचा आकडा. यादी सोबत.
कारण: नवीन वर्ष.
अपेक्षित परिणाम: शुभ.
बदल मागे घ्यायचा झाल्यास काय करणार: मागे घेता येत नाही. पुढच्या वर्षाची वाट पाहणार.

मुदत संपायला दोन दिवस उरले होते. पाडव्याला मी पुन्हा ऑफिसात बसलो. या वेळी हात वर करावा लागला नाही, सगळ्यांनी माझंच नाव सांगितलं. ठरल्या वेळी लाल ओळी आल्या. तिकिटातल्या यादीशी एकेक जुळवायला घेतली. हॅश, चौकोन. हॅश, चौकोन. चौकोनांची आता माया वाटत होती. यादी संपली. पडद्यावर एक ओळ उरली.

एक्केचाळिसावी.

तिच्यात चौकोन नव्हते. रक्त तपासणाऱ्या मशीनच्या एका फाइलमध्ये एक आकडा बदलला होता, काकांच्या फायलींनंतर वीस मिनिटांनी, मी यादी जुळवत असताना. कोणी बदलला, तर मशीनच्या नावाने असलेल्या खात्याने. तिकीट नव्हतं.

पडद्याच्या कोपऱ्यात "सर्व मंजूर करा" असं बटण असतं. ते दाबलं की सगळ्या ओळी हिरव्या होतात, एक्केचाळिसावीही. मग तो आकडा बेसलाइनमध्ये जातो, आणि एकदा बेसलाइनमध्ये गेला की तोच मूळचा ठरतो. पुन्हा त्याबद्दल कोणी विचारत नाही, मशीनही नाही. सणाचा दिवस, काकांचं तिकीट, चाळीस काय आणि एक्केचाळीस काय. दोन दिवसांनी मी कायम. आणि उलट बाजूला, मॅडमना पुन्हा सणाच्या दिवशी फोन, तोही त्याच लॅबबद्दल.

बटणावर बाण नेऊन मी किती वेळ बसलो ते सांगत नाही. मनात काही उदात्त आलं असं लिहायला मला आवडलं असतं. आलं ते एवढंच, की आई बंदरावर टोपली घेताना वरच्या चार मासळ्यांचे कल्ले पाहून टोपली कधी घेत नाही. पार तळापर्यंत हात घालते. बाकीच्या बायका तिला हसतात.

मी चाळीस मंजूर केल्या. एक ठेवली. काकांना फोन लावला. पहिल्या घंटीला उचलला.

"या वेळी पूजेत ठेवला नाही हो, तुमच्यासाठी," ते म्हणाले. "काय, शुभ झालं का?"

"चाळीस झालं काका. पण एक जास्त आहे."

"एक जास्त कशी? मी मोजून चाळीस केल्या." मी फाइलचं नाव सांगितलं. त्यांचा आवाज बदलला. "ती माझी नाही. मी त्या मशीनच्या वाटेला जात नाही."

मॅडमना फोन केला. नाव पाहूनच त्या म्हणाल्या, "परत तूच?"

"हो मॅडम."

"परत तीच लॅब?"

"हो."

"तोडलंस?"

"नाही. वाढत नाहीयेत. मंजूर केलेली नाही, उघडी ठेवलीये."

"ठेव उघडी," त्या म्हणाल्या. एवढंच. त्यात राग होता की नव्हता, यावर मी पुढचे चार दिवस विचार केला.

लॅबने ते मशीन त्या दिवसापुरतं बाजूला ठेवलं आणि दुसऱ्यावर काम केलं. काकांनी मशीनच्या कंपनीला कळवलं. त्यांचा इंजिनिअर त्या सकाळी येऊन गेला होता असं एक मुलगी म्हणाली, दुसरी म्हणाली तो आदल्या आठवड्यात आला होता. इंजिनिअर सणाला गावी गेलेला, फोन लागेना. मार्च संपला. माझ्या नावावर एक उघडी लाल ओळ घेऊन संपला. मुदत संपली तरी मला कोणी काही कळवलं नाही, आणि कळवण्याची गरज राहणार नाही हे वाक्य मला पाठ होतं. घरी आई विचारत नव्हती. रोज सकाळी टोपली डोक्यावर घेण्याआधी फक्त माझ्या गळ्यातल्या पट्ट्याकडे पाहायची.

चौथ्या दिवशी इंजिनिअरचा फोन लागला. हो, त्यानेच बदलला होता. तपासणीच्या द्रावणाची नवी बाटली लावली की तो आकडा बदलावा लागतो. तिकीट वगैरे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे तोही घरचाच निघाला. खोटं कशाला बोलू, मला वाटत होतं चोर निघावा. अगदी छोटा, कोणाचं नुकसान न केलेला, पण चोर. माझी दुसरी मोठी शंकाही एका बाटलीवर संपली.

मी ओळ मंजूर केली. शेरा लिहिला, "बदल योग्य. नोंद नव्हती." मॅडमनी त्याखाली तीन शब्द जोडले, "विचारलं ते बरोबर." आणि मशीनच्या इंजिनिअरनेही यापुढे तिकीट टाकावं असं पत्र लॅबला गेलं. काकांनी मला वेगळा निरोप पाठवला, की त्या इंजिनिअरला तिकीट भरायला ते स्वतः शिकवणार आहेत, "परिणाम: शुभ" पर्यंत.

त्याच दुपारी मला एक मेल आला. विषय, "आपल्या नियुक्तीबाबत." सोबत एक जोडलेली फाइल. पाठवणारा आमचाच कर्मचारी विभाग, पण नाव अनोळखी. अनोळखी नावाने आलेली, आतुरतेने वाट पाहत असलेल्या माणसाला आलेली, जोडलेली फाइल. धड्यात चोर असाच येतो. मी ती उघडली नाही. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोनही केला नाही, कारण तो नंबरही चोराचाच असू शकतो. ऑफिसच्या छापील यादीतून नंबर शोधला आणि वरच्या मजल्यावर फोन लावला.

"मला एक पत्र आलंय," मी माझा कर्मचारी क्रमांक सांगून म्हणालो. "ते तुम्हीच पाठवलंय का?"

"काय?" पलीकडच्या बाई म्हणाल्या. "उघडून बघा ना."

"उघडण्याआधी विचारतोय."

पलीकडे फोनवर हात ठेवून कोणाला तरी काहीतरी सांगितल्याचा आवाज आला. दोघी हसल्या. मग कळफलक वाजला, आणि त्या बाई, शाळेत हजेरी घेताना बोलतात तशा सावकाश आवाजात म्हणाल्या, "हो. आम्हीच पाठवलंय. एक तारखेपासून तुम्ही कायम आहात."